कूलंटच्या टाकीतली काळी मळी परत परत का येते? आधी तेल नव्हे, चुरा काढा

मशीनवर धातू कापताना टूल आणि कापायचा तुकडा, म्हणजे जॉब, गार ठेवायला जे दुधाळ पाणी फिरतं ते कूलंट. त्याची टाकी उपसली, घासली, नवं कूलंट भरलं की पंधरा-वीस दिवस सगळं झकास चालतं. मग एका सकाळी झाकण उघडावं तर वर तेलाचा तवंग, खाली दुधाळ पाणी आणि दोन्हींच्या मधे दोन बोटं जाडीचा काळपट, चिकट थर. तेल उचलणाऱ्या स्किमरचा पट्टा दिवसभर फिरतो, वरचं थोडं तेल ओढतो, पण तो मधला थर जागचा हलत नाही. बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, कास्टिंगवर काम करणाऱ्या कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले वसाहतीतल्या कुणालाही हे चित्र नवं नाही. आमच्या शॉपमधली पोरं त्या थराला ‘मळी’ म्हणतात, साखर कारखान्यावरून. मीही इथे तेच नाव वापरतो.

मी शिरोलीत मेंटेनन्स बघतो. एका व्हीएमसीवर, म्हणजे उभ्या स्पिंडलच्या संगणकी मिलिंग मशीनवर, हा त्रास आम्ही जवळजवळ वर्षभर सोसला. टाकी ३०० लिटरची, काम पंपाच्या बिडाच्या बॉडीचं. दर तीन आठवड्यांनी कूलंट फेकायची वेळ यायची. जॉबवर काळे ओघळ, गंजाचे ठिपके, सुट्टीनंतर मशीन चालू केलं की कुजका वास. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ऑपरेटरच्या मनगटावर उठलेलं पुरळ. पैशाचा हिशोब नंतर मांडता येतो, पण रोज आठ तास त्या पाण्यात हात घालणाऱ्या माणसाची कातडी सोलवटायला लागली की तो प्रश्न आजच सोडवायला हवा.

आम्ही काय काय करून पाहिलं ते आधी सांगतो, कारण बहुतेक जण याच वाटेने जातात. कूलंटचं प्रमाण वाढवलं: मळी आणखी घट्ट झाली. नव्या कूलंटबरोबर तेल फोडून पाण्यात मिसळणारे घटक जास्तीचे पडतात, म्हणजे आपण शत्रूलाच रसद पुरवत होतो. कंपनी बदलली: पहिले वीस दिवस छान, मग तेच. टाकीत हवा सोडली: थेंब आणखी बारीक झाले. स्किमर चोवीस तास चालू ठेवला: पट्टा फक्त मोकळं तेल उचलतो, मळीला तो नुसता घासून जातो. मशीन धुवायचं क्लीनर टाकलं आणि फेसाने टाकी वाहून गेली.

उलगडा झाला तो आमच्या शिफ्टमधल्या मामांमुळे. तीस वर्षं लेथवर काढलेला माणूस. मळीचा एक गोळा त्यांनी अंगठा आणि तर्जनीत घेऊन चोळला आणि माझ्यापुढे हात धरला.

“साहेब, ह्यो तेलाचा दोष न्हाई. ह्यात पीठ हाय बघा. बोटावर घ्या की.”

मी घेतलं. तेल बोटावर सरकतं, हे सरकत नव्हतं. गव्हाच्या मैद्यासारखं, डोळ्यांना कण न दिसणारं, पण बोटाला कळणारं. मग मामांनी डायल स्टँडजवळ पडलेला एक जोरकस मॅग्नेट उचलला. मी मळीसकट कूलंट एका पारदर्शक बाटलीत घेतलं होतं, तिच्या अंगाला बाहेरून तो टेकवला. मधला सपाट थर त्या बाजूला फुगला, मॅग्नेटच्या दिशेने नाक काढल्यासारखा. मामांनी मॅग्नेट काचेवरून हळूहळू खाली सरकवला तशी काळी शेपटी त्याच्यामागे ओढली गेली आणि तिच्यातून पिवळसर तेलाचे मोठे थेंब एकेक करून सुटून वर गेले. पाच मिनिटांत त्या बाटलीत जे झालं ते आमच्या स्किमरने वर्षभरात केलं नव्हतं.

आता हे असं का होतं.

तेल आणि पाणी एकत्र हलवलं की तेलाचे थेंब होतात. हलवणं थांबलं की थेंब एकमेकांना भिडतात, एक होतात, मोठे होतात, वर येतात. थेंब जितका मोठा तितका तो झपाट्याने वर चढतो, आणि हा फरक वर्गाच्या हिशोबात असतो. थेंबाचा व्यास दहापट कमी झाला की वेग शंभरपट कमी. मशीनच्या सरकत्या भागांना सोडतात आणि मग टाकीत उतरतं त्या स्लाइडवे ऑइलचा १०० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब शांत पाण्यात ३० सेंटिमीटर चढायला साधारण आठ मिनिटं घेतो. १० मायक्रॉनच्या थेंबाला तेवढ्याच अंतराला तेरा तास लागतात. म्हणजे थेंब एक होऊ दिले नाहीत की तेल वर येणं जवळपास थांबलंच.

आणि एक होऊ न देण्याचं काम तो चुरा करतो. ज्या कणाला पाणीही थोडं चिकटतं आणि तेलही थोडं चिकटतं, तो कण दोन्हींच्या सीमेवर जाऊन बसतो. एकदा बसला की उठत नाही. साबणाचे रेणू थेंबाच्या पृष्ठभागावर येतात-जातात, पण एक मायक्रॉन त्रिज्येच्या कणाला तिथून उपटायला जी ऊर्जा लागते ती पाण्यातल्या रेणूंच्या नैसर्गिक धक्क्यांपेक्षा लाखो पटींनी जास्त असते. असे कण थेंबाभोवती दाटीने बसले की त्याच्या अंगावर चिलखत चढतं. दोन चिलखतवाले थेंब एकमेकांना टेकतात, पण आतलं तेल तेलाला भेटतच नाही.

बिडाचा चुरा या कामाला अगदी लागू पडतो. राखाडी बिडात सुमारे तीन ते साडेतीन टक्के कार्बन असतो आणि त्यातला बराचसा ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात. टूल लागलं की तो ग्रॅफाइट भुकटी होऊन सुटतो, आणि ग्रॅफाइटला पाण्यापेक्षा तेल आवडतं. लोखंडाच्या ताज्या कणावर कूलंटमधलेच गंजरोधक आणि साबणासारखे घटक बसतात आणि त्याला अर्धवट तेलकट करतात. म्हणजे पूर्ण पाण्याचाही नाही, पूर्ण तेलाचाही नाही. सीमेवर बसायला असाच कण लागतो.

वजनाचं गणित तर याहून मजेशीर आहे. स्लाइडवे ऑइलची घनता साधारण ०.८८, बिडाची ७.२ च्या आसपास. तेलाच्या थेंबाला आकारमानाने जेमतेम दोन टक्के बीड चिकटलं की त्या जोडगोळीची घनता पाण्याइतकी होते. मग ती ना वर जाते ना तळाला बसते. त्रिशंकूच. मळी टाकीच्या मधे का लटकते याचं मला पटलेलं उत्तर हे आहे. कमी चुरा चिकटलेले थेंब तवंगाखाली दाटतात, जास्त चुरा चिकटलेले तळाच्या गाळात जातात, मधले तिथेच राहतात.

हे काही कालचं ज्ञान नाही. १९०३ मध्ये रॅम्सडेन यांनी कणांची ही करामत नोंदवली आणि १९०७ मध्ये पिकरिंग यांनी तिचा पद्धतशीर अभ्यास मांडला, म्हणून अशा मिश्रणांना आजही पिकरिंग इमल्शन म्हणतात. पिकरिंग इंग्लंडात वोबर्न इथल्या फळबागेत झाडांवरच्या फवारण्यांवर काम करत होते. मोरचूद आणि चुन्यापासून होणारी तांब्याची क्षारयुक्त भुकटी पॅराफिन तेलाचे थेंब पाण्यात धरून ठेवते, हे त्यांना दिसलं. तासगावच्या द्राक्षबागायतदाराच्या बॅरलमधलं बोर्डो, म्हणजे तेच मोरचूद-चुन्याचं मिश्रण, आणि आपल्या टाकीतली मळी यांचं नातं असं जवळचं आहे.

याचं टोक तर संशोधकांनी मुद्दाम गाठून पाहिलं. पाणी आणि ल्युटिडीन नावाचा द्रव गार असताना एकजीव राहतात, साधारण ३४ अंश सेल्सिअसच्या वर तापवले की वेगळे व्हायला लागतात. त्यात दोन्हींना सारखेच चिकटणारे सिलिकाचे कण असले तर वेगळं होणं अर्ध्यावरच अडकतं आणि दोन्ही द्रवांची एकमेकांत गुंफलेली जाळी तशीच टिकते. एडिनबरोच्या संशोधकांनी २००५ मध्ये हे आधी संगणकावर दाखवलं आणि २००७ मध्ये प्रयोगशाळेत करून दाखवलं. घन कण दोन द्रवांचं भांडण मधेच गोठवू शकतात, इतकी त्यांची ताकद.

पण सगळे कण वेगळं होणं अडवतातच असं नाही, आणि हे आपल्या घरात सगळ्यांना माहीत आहे. साय घुसळताना लोणी का येतं? सायीतल्या स्निग्धाचा काही भाग त्या वेळी घट्ट स्फटिकांच्या रूपात असतो. ते स्फटिक थेंबाच्या आतून बाहेर टोचतात, शेजारच्या थेंबात घुसतात आणि दोघांना जोडतात. म्हणून आई उन्हाळ्यात गार पाणी घालते आणि थंडीत कोमट. स्फटिक फार कमी झाले तरी लोणी येत नाही, फार झाले तरी येत नाही. म्हणजे घन कण थेंबाच्या आतून टोचला तर जोडतो, बाहेर चिलखत होऊन बसला तर तोडतो. कण कुठे बसतो आणि कुणाला जास्त चिकटतो, सगळा खेळ तिथे आहे.

तुमच्या टाकीत खरंच हेच चाललंय का, हे बघायला खर्च नाही. चार पारदर्शक बाटल्या घ्या. चारही बाटल्यांत नवं कूलंट नेहमीच्या प्रमाणात, आम्ही पाच टक्के घेतलं, आणि वर दोन बोटं स्लाइडवे ऑइल. पहिली तशीच ठेवा. दुसरीत मळीतून मॅग्नेटने काढलेला बारीक चुरा चमचाभर. तिसरीत तेवढंच जाडं बोरिंग, म्हणजे बिडाचा जाड भुगा, भंगारात विकतो ते. चौथीत फाउंड्रीतून आणलेली चिमूटभर बेंटोनाइट माती. चारही बाटल्या सारख्याच शंभर वेळा हलवा आणि शांत ठेवा. दहा मिनिटांनी, तासाने आणि दुसऱ्या दिवशी बघा, मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

आमच्याकडे पहिल्या बाटलीत दुसऱ्या दिवशी तेल वर स्वच्छ आलं. तिसरीतही आलं, बोरिंग सरळ तळाला बसलं. दुसरीत हुबेहूब आमची मळी. आणि चौथीत, जिची मला कल्पना नव्हती, पिवळट करड्या रंगाचा तसाच हट्टी थर.

चौथ्या बाटलीने आम्हाला मशीनवरून थेट फाउंड्रीत नेलं. हिरव्या, म्हणजे ओलसर, वाळूच्या साच्यात वाळू बांधायला बेंटोनाइट असतं, कोळशाची पूड असते. शॉट ब्लास्टिंग (छर्रे मारून साफ करणं) आणि फेटलिंग (जास्तीचं तोडून घासणं) नीट झालं नाही की ती कास्टिंगच्या आतल्या पोकळीत, कोअरच्या, म्हणजे पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवलेल्या वाळूच्या गाभ्याच्या, जागी राहते आणि पहिल्याच कूलंटच्या धारेबरोबर आपल्या टाकीत उतरते. आमच्या पंप बॉडीची आतली वाट वाकडी आहे, वाळू तिथे अडकून राहायची. त्रास सुरू झाला तो महिना आणि तो जॉब सुरू झाला तो महिना एकच होता. नोंदवहीत दोन्ही तारखा होत्या, फक्त त्या शेजारी ठेवून कुणी बघितल्या नव्हत्या. मीसुद्धा नाही.

आणखी दोन खुणा लक्षात ठेवा. कूलंटचं प्रमाण मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरमध्ये रेघ ठळक दिसायच्या ऐवजी पसरट, धुरकट दिसायला लागली तर तेल कूलंटमध्ये बारीक होऊन शिरलंय, मळी दिसायच्या आधीच. दुसरं, बोअरचं पाणी जड असेल तर त्यातलं कॅल्शियम कूलंटमधल्या साबणाशी जुळून न विरघळणारा साका तयार करतं. तो साका म्हणजेही घन कणच, आणि तोही सीमेवर जाऊन बसतो. आम्ही टाकी भरायला बोअरचं पाणी बंद केलं, त्याचा फरक पडला.

उपायाचा क्रम महत्त्वाचा. सगळे जण तेलापासून सुरुवात करतात. आधी चुरा काढा, तेल मग स्वतःहून वर येतं. रस्स्याचा मसाला परतताना पाणी आटून गेल्याशिवाय तेल सुटत नाही, कितीही ढवळा. तसंच हे आहे. ज्याने धरून ठेवलंय ते आधी जायला हवं.

चुरा अडवायची जागा टाकी नव्हे, टाकीत येणारी वाट. परतीचं कूलंट ज्या ट्रेमधून टाकीत पडतं तिथे आम्ही स्टेनलेस नळ्यांमध्ये बसवलेल्या मॅग्नेटच्या दांड्या आडव्या लावल्या. प्रवाह त्यांच्यावरून पातळ पसरून जाईल असा ट्रे थोडा रुंद केला, कारण जोराच्या धारेत बारीक कण मॅग्नेटला दाद देत नाहीत. दर शिफ्टला नळीतून मॅग्नेट बाहेर ओढायचा, चुरा आपोआप गळून पडतो, ट्रेमध्ये गोळा करायचा. पहिल्या दिवशी दांड्यांवर जी काळी लोकर साचली ती बघून ऑपरेटर पोरगं म्हणालं, “हे सगळं आपण रोज अंगावर घेत होतो व्हय?” ग्रॅफाइट आणि माती मॅग्नेटला चिकटत नाहीत हे खरं, पण लोखंडाच्या कणांच्या गुंत्यात त्यातलं बरंच अडकून निघतं. कागदी फिल्टरवर फार भिस्त ठेवू नका. २० मायक्रॉनचा कागद जाडं अडवतो आणि खरे गुन्हेगार, एक ते दहा मायक्रॉनवाले, त्यातून निघून जातात.

वाळूसाठी फाउंड्रीच्या सुपरवायझरशी बसून बोललो. भांडून काही होत नाही, बाटली दाखवून होतं. चौथी बाटली त्यांच्या टेबलावर ठेवली. आता कास्टिंग मशीनवर चढवण्याआधी उलटं करून ठोकतो, हवेने पोकळी झाडतो आणि पांढरं फडकं आतून फिरवतो. फडकं काळं-पिवळं निघालं तर तो जॉब परत.

टाकीत एक कोपरा शांत हवा. आमच्या टाकीत परतीचा प्रवाह थेट पंपाच्या तोंडावर आदळायचा. मधे एक आडवा पत्रा घातला, त्यामुळे पाणी वळसा घेऊन जातं आणि एका बाजूला तेलाला वर यायला सवड मिळते. स्किमर त्या बाजूला. तो मशीन चालू असताना नव्हे, शिफ्ट संपल्यावर दीड-दोन तास आणि सुट्टीच्या दिवशी चालवतो. तेल गळायची जागा शोधणं ओघाने आलंच: स्लाइडवेचा ल्युब पंप गरजेपेक्षा जास्त तेल सोडत होता, तो कमी केला, हायड्रॉलिकचं एक सील बदललं.

टाकी साफ करताना मात्र हात आखडता घेऊ नका. आम्ही पूर्वी टाकी उपसायचो, पण कापलेला चुरा बाहेर नेणाऱ्या चिप कन्व्हेअरच्या तळाला, कोपऱ्यांत, पाइपच्या वळणांत मळी तशीच राहायची. ती विरजणासारखी काम करते. तेल लागलेले, सीमेवर बसायला तयार कण आपण नव्या कूलंटला आयते देतो आणि वीस दिवसांत टाकी पुन्हा ‘लागते’. कन्व्हेअर बाहेर काढून, खरवडून, पातळ कूलंट फिरवून ते फेकून मगच नवं भरा. भरताना पाण्यात कूलंट ओता, कूलंटवर पाणी नको.

चालू टाकीत मीठ, आम्ल किंवा तुरटी टाकून मळी फोडायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. मळी फुटेल, पण कूलंटही फुटेल आणि बिडाचा जॉब तासाभरात गंजेल. तो उपाय फेकायच्या कूलंटच्या प्रक्रियेसाठी आहे. आणि फेकायचं म्हणजे गटारात नव्हे. वापरलेलं कूलंट आणि तेलाचा गाळ हा २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचरा आहे, तो परवानाधारकालाच द्यायचा आणि त्याची नोंद ठेवायची. आपलं गटार पुढे ओढ्याला मिळतं, ओढा पंचगंगेला, आणि पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेत. रोज त्या पाण्यावर किती गावं अवलंबून आहेत हे आपल्यापैकी प्रत्येकाला माहीत आहे.

हे सगळं केल्यावर त्या व्हीएमसीचं कूलंट आता पाचव्या महिन्यात आहे. वरचा तवंग येतो, तो यायलाच हवा, स्किमर तो उचलतो. मधे थर नाही. ऑपरेटरचं मनगट बरं झालं.

एका मशीनवर मात्र अजून काम बाकी आहे. त्यावर ॲल्युमिनियमची हाउसिंग, म्हणजे भागांची बाहेरची कवचं, होतात, आणि ॲल्युमिनियमला मॅग्नेट काय करणार? त्याचे पापुद्रे हलकेही असतात, घनता २.७, त्यामुळे तळालाही लवकर बसत नाहीत. तिथे परतीच्या वाटेवर छोटा सायक्लोन, म्हणजे पाणी गरगर फिरवून कण वेगळे काढणारं नळकांडं, लावून पाहतोय. सध्या बाटल्यांची रांग मांडली आहे: सायक्लोनच्या आधीचं कूलंट आणि नंतरचं, शेजारी शेजारी, रोज सकाळी आठला फोटो.